आधी वर्ग सांगा

जयूने वाळूच्या लाल बादलीत मिरचीचं रोप लावलं, त्याला रोज तांब्याभर पाणी घालून वाढवलं, आणि नेमकी त्याला पहिली मिरची धरली त्या आठवड्यात राऊतकाका आमच्या पेट्रोलपंपावर तपासणीला आले. आमची ओळख ही अशी झाली. अजूनही कुठे मिरचीचं रोप दिसलं की माझी नजर आधी त्याच्या खालच्या कुंडीचा रंग बघते.

पंप मुंबई-अहमदाबाद हायवेवर, चारोटी मागे टाकून तलासरीकडे निघालं की डाव्या हाताला. मी तिथली मॅनेजर. जयू, म्हणजे जयवंती धोडी, मागच्याच पाड्यातली, गाड्यांमध्ये पेट्रोल भरायला होती. अंगात पंपाचा निळा शर्ट, केसांत अबोलीचा गजरा, आणि जीभ अशी की भलेभले ट्रकवाले तिला लांबून बघूनच विडी विझवायचे. तर बादलीत मिरची लावली हे मला माहीत होतं. चांगलं दिसत होतं, म्हणून मी काही बोलले नव्हते. मॅनेजर असले म्हणून काय, मलाही हिरवं आवडतं.

राऊतकाका आयुष्यभर एका कारखान्यात अग्निशमन अधिकारी होते. निवृत्त झाले आणि घरी बसवेना, म्हणून डहाणू-तलासरीतल्या पंपांवर, आश्रमशाळांमध्ये, गणपतीच्या मंडपांत आगीचं शिकवत हिंडायचे. आमच्या मालकांनी त्यांना महिन्यातून एकदा यायला सांगितलं होतं. उंच, सडपातळ, पांढरा इस्त्रीचा शर्ट, आणि पांढऱ्या मिशीची उजवी बाजू जराशी आखूड. ती कुठल्याशा मोठ्या आगीत जळाली असं सगळीकडे बोललं जायचं. काकू म्हणायच्या, कसली आग न् कसलं काय, दाढी करताना हात चुकतो.

त्या दिवशी त्यांनी स्कूटर लांब उभी केली, आल्या आल्या नाक वर करून दोन-चार वेळा हुंगलं, मग थेट बादल्यांकडे गेले आणि मिरचीच्या बुडाशी वाळूत हात खुपसला. वाळू ओली. मी मनातल्या मनात बोलणी खायची तयारी केली. त्यांनी विचारलं, हे कुणी लावलं? जयू पुढे झाली, मी लावलं म्हणाली, आवाजात भीती नाही की काही नाही. काका म्हणाले, “तिखट आहे का?”

मग समोरच्या गाडीवरून वडापाव मागवला. ती एकुलती एक मिरची तोडली, अर्धी खाल्ली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि नाक पुसत पुसत त्यांनी आम्हाला पहिला धडा दिला. वाळू कोरडी हवी, भाजलेल्या रव्यासारखी सुटी. ओली वाळू ढेकूळ होऊन पडते, पसरत नाही, आगीला झाकत नाही. आणि बादलीचं बूड गोल का असतं, तर ती जमिनीवर टेकून ठेवता येऊ नये, म्हणजे कुणी घरी नेऊन आंघोळीला वापरत नाही. “पण मिरची लावेल कुणी, हे ती बनवणाऱ्याला सुचलं नव्हतं,” म्हणाले. नंतर स्वतः खाली बसून ते रोप मुळांसकट काढलं आणि ऑफिसमागे हातपंपाजवळ लावून दिलं. त्याला पुढे मिरच्या लागल्या म्हणता म्हणता इतक्या लागल्या की वडापाववालाच आमच्याकडे मागायला यायला लागला.

काकांचं एक वाक्य होतं, दिवसातून कितीदा तरी यायचं. कुणी काही गाऱ्हाणं घेऊन आलं, धावत आलं, रडत आलं, की ते हात वर करून म्हणायचे, “आधी वर्ग सांगा.”

कारण त्यांच्या मते जगातल्या सगळ्या आगी वर्गांत बसतात, आणि वर्ग कळल्याशिवाय विझवायला जाणं म्हणजे रोग न बघता औषध पाजणं. लाकूड, कागद, कापड, पेंढा हा अ वर्ग. त्याला पाणी. पेट्रोल, डिझेल, रॉकेल हा ब. तिथे पाणी अजिबात नाही. पेट्रोल पाण्याच्या डोक्यावर बसतं आणि पाणी जिथे जाईल तिथे पेटत पेटत जातं. त्याला वाळूने नाहीतर फेसाने झाकायचं, हवा तोडायची. गॅसची आग क. तिथे ज्वाळेच्या मागे लागायचं नाही, आधी कॉक बंद करायचा. धातूंची आग ड, तिला तर पाणी दाखवायचंसुद्धा नाही, कोरडी भुकटी टाकून लांब उभं राहायचं. आणि तळणीच्या तेलाचा वर्ग निराळा, तिथे एकच औषध, झाकण. म्हणून कुठल्याही लग्नाला गेले की काका नवरानवरीला भेटायच्या आधी मांडवामागे आचाऱ्याकडे जायचे आणि कढईचं झाकण कुठे आहे ते विचारायचे. आचारी वैतागायचे. पण पंचक्रोशीतल्या सगळ्या आचाऱ्यांकडे झाकणं होती, हेही खरं.

पेट्रोल आणि डिझेलबद्दल तर ते घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचे. शाळेच्या मैदानात रुंद थाळीत डिझेल ओतायचे आणि त्यात पेटती काडी टाकायचे. काडी चुर्र करून विझायची. पोरं आ वासून बघत राहायची. मग सांगायचे, डिझेल आळशी, त्याला चांगलं तापवल्याशिवाय ते उठत नाही. पेट्रोल मात्र उन्हात असो थंडीत असो, कायम वाफ सोडत असतं. “आणि पेटते ती वाफ. पेट्रोल नुसतं तिथे बसलेलं असतं.” एखादं आगाऊ पोर म्हणायचंच, सर, आता पेट्रोलचं दाखवा ने. काका शांतपणे म्हणायचे, दाखवलं असतं रे, पण मग दाखवायला मी आणि बघायला तू उरायला हवं.

रानशेतकडे आत एक किराणा दुकान होतं. पंप लांब, म्हणून दुकानवाल्या मावशी कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत पेट्रोल भरून ठेवायच्या, वेफरच्या माळांच्या शेजारी, आणि भिंतीपलीकडे त्यांची चूल. पाड्यातल्या मोटरसायकलींचा सगळा जीव त्या बाटल्यांवर होता. काका तिथे चहाला थांबले. ओरडले नाहीत, तक्रारीची भाषा नाही. चुलीपाशी बसून चहा पीत म्हणाले, मावशी, या बाटलीतून एक मांजर निघतं. दिसत नाही, जमिनीला पोट घासत चालतं, आणि ऊब कुठे आहे ते बरोबर हुडकतं. मावशींनी एकदा बाटल्यांकडे पाहिलं, एकदा चुलीकडे. पुढच्या खेपेला गेले तर दुकानात एक बाटली नाही. मावशी म्हणाल्या, बंद केलं बाबा, रात्री मला ते मांजर दिसायला लागलं. आता पाड्यातली माणसं आमच्या पंपावर यायला लागली, आणि जयू त्यांना गाडीवरून उतरवून, इंजिन बंद करायला लावून, मांजराची गोष्ट सांगून मगच नळी हातात घ्यायची.

वर्ग लावायचा हा नाद आगीपुरता राहिला असता तर मी एवढं लिहायलाच बसले नसते. काका माणसांच्या भांडणांनाही वर्ग लावायचे. माझी सासू तेव्हा रोज संध्याकाळी माझ्यावर फणफणायची. मी एकदा काकांपुढे मन मोकळं केलं. ते म्हणाले, आधी वर्ग सांगा, आणि मला सांगता येईना तेव्हा त्यांनीच प्रश्न विचारून काढला. कधी चिडतात? संध्याकाळी. दुपारी कुणाचा फोन येतो? नणंदेचा, विरारहून. “मग क वर्ग,” म्हणाले. “ज्वाळा विझवत बसू नका बाई, कॉक बघा.” दुसऱ्या दिवसापासून दुपारी मीच नणंदेला आधी फोन करायला लागले. महिन्याभरात घर थंड. आमचे मालक ड वर्ग, त्यांना कोरडं बोलून लांब उभं राहायचं. जयू आणि तिचा नवरा अ वर्ग, धूर फार, पण पाणी मारलं की विझतात. आणि मी? मी विचारलं तेव्हा जरा लांब सरकून म्हणाले, तुम्ही ब. कुणी थंड करायला आलं की तुम्ही आणखी पसरता. मला राग आला, आणि मी त्यांना चांगलं दहा मिनिटं सुनावलं. त्यांनी नुसतं जयूकडे बघून मान हलवली.

आगीवर त्या माणसाचा राग मात्र नव्हता. चूल छान पेटली की ते तासभर तिच्याकडे बघत बसू शकायचे. होळीला पाड्यात जायचे आणि सगळ्यात पुढे उभे राहायचे, वाऱ्याची दिशा बघून अर्थात. असा आनंदी माणूस मी कमी पाहिलाय. फक्त एका गोष्टीला हा आनंद अडखळायचा, आणि ती गोष्ट म्हणजे चिकू.

आमच्याकडे येताना ते चारोटीच्या नाक्यावरून चिकू घेऊन यायचे. सगळ्यांना वाटायचे. स्वतः एक उचलायचे, देठाकडून हुंगायचे, फोड तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, गोड आहे, पण आमच्या वाडीचा नाही. दर वेळी हेच. शेवटी मी जयूला विचारलं. तिची मावसबहीण कोसबाडकडे चिकू तोडायला जायची, तिथूनच ती सगळी हकिगत आली.

कोसबाडच्या बाजूला राऊतांची वडिलांपासूनची चिकूची वाडी आहे. ती काकांचा धाकटा भाऊ अनंत सांभाळायचा. काका डहाणूत, अनंत वाडीत, पण दोघांचं इतकं गूळपीठ की हंगामाचा पहिला करंडा काकांच्या घरी पोचल्याशिवाय अनंतच्या घरात कुणी चिकू कापायचं नाही. अनंतने वाडीत नवं घर बांधलं. वास्तुशांतीला अंगणात मंडप घातला, वर झालरीचं कापड, खाली होम. काका सवयीप्रमाणे बाहेर जायच्या वाटेजवळ बसलेले, शेजारी त्यांनीच आणलेली वाळूची बादली. भटजींनी तुपाची धार जरा सढळ सोडली आणि ज्वाळा उठली. काकांनी वर कापडाकडे पाहिलं, उठले, आणि भर मंत्रात अख्खी बादली होमकुंडात रिकामी केली.

वाळू कुठे कुठे गेली ते विचारू नका. भटजींच्या मांडीवर, पूर्णाहुतीच्या नारळावर, अनंतच्या नव्या कोऱ्या पीतांबरावर. होम विझला. अंगणात कुणी हसलं नाही. काकांचं म्हणणं, कापड पिवळं पडायला लागलं होतं. अनंतचं म्हणणं, ज्वाळा कापडाच्या हातभर खाली होती. पण खरं बिनसलं ते त्यानंतर. चुकलं म्हणायचं सोडून काकांनी तिथे जमलेल्या लोकांना समजावून सांगितलं की तूप हे तापलं की द्रव इंधनच, ब वर्ग, त्यामुळे वाळू टाकणंच योग्य. अनंत एवढंच बोलला, “दादा, तू माझ्या घरात माती टाकलीस.” आणि आत निघून गेला. त्यानंतर त्याने कधी दादा म्हटलं नाही, कारण त्यानंतर दोघं एकमेकांशी बोललेच नाहीत. कित्येक वर्षं. करंडा यायचा बंद झाला.

हे ऐकून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. जगभरच्या भांडणांना औषध देणारा हा माणूस नाक्यावर उभा राहून चिकू हुंगत असतो, एखादा तरी आपल्या वाडीचा निघेल म्हणून.

थंडीचे दिवस होते. काका आमच्याकडे आलेले असताना एक मुलगी स्कूटीवरून आली, न सांगता उतरली, इंजिन बंद केलं, मोबाइल पर्समध्ये टाकला. काकांचा चेहरा खुलला आणि मग लगेच गोंधळला. ती अनंतची मुलगी मानसी. लग्नाची पत्रिका घेऊन आली होती. बाबांनी पाठवलं नाही, पण जाऊ नकोस असंही म्हणाले नाहीत, एवढं तिने सरळ सांगितलं. काकांनी हात पुसून पत्रिका घेतली, छपाईचं कौतुक केलं, अक्षर किती सुबक आहे म्हणाले, आणि मग म्हणाले, माझे आशीर्वाद इथूनच, बाळ.

मानसी हलेना. ती म्हणाली, “काका, तुम्ही आमच्या शाळेत सगळ्या आगींचे वर्ग शिकवले होते. तुमचा नि बाबांचा कुठला?”

“ब,” काका म्हणाले. विचारसुद्धा करावा लागला नाही. “तुपावरून लागलेली आहे ती. झाकून ठेवली आहे. हवा लागली की परत भडकेल. झाकलेलीच बरी.”

मुलीचे डोळे भरले. पत्रिका परत मागितली नाही, स्कूटी काढून निघून गेली. काकांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. मी ब वर्गाची, मी कशी गप्प बसणार? मी त्यांना तोंडावर म्हटलं की अख्ख्या तालुक्याला शहाणपण वाटता आणि सख्ख्या पुतणीच्या लग्नाला जायची हिंमत नाही. ते चिडले नाहीत. खाली बघत म्हणाले, बाई, लग्नात होम असतो. मी आगीजवळ गप्प बसू शकत नाही, हे माझं मला ठाऊक आहे. परत हात गेला तर? या वेळी पोरीचं लग्न आहे. मला त्या माणसाचा लळा लागला होता, आणि त्याची भीती खोटी नव्हती.

लग्न आठवड्यावर आलं असताना पाड्यात आग लागली. भर दुपारची वेळ. जयूच्या सासूने पालापाचोळा पेटवला होता, त्याची ठिणगी अंगणातल्या पेंढ्याच्या गंजीत गेली. बैलांचं वर्षाचं खाणं ते. मधे फक्त एक शेत आणि इकडे आमचा पंप. सुदैवाने काका त्या दिवशी आमच्याकडेच होते. जयूने धूर पाहिला आणि घराकडे धावण्याआधी पंपाचं मुख्य बटण बंद केलं, दोन गाड्या ढकलून रस्त्यापलीकडे लावायला सांगितल्या आणि मग धावली. काकांनी तेवढ्या घाईतही तिला शाबास म्हटलं.

आम्ही पोचलो तोवर पाड्यातल्या माणसांनी हातपंपावरून हंडे आणून पाणी मारलं होतं आणि वर भिजवलेली ताडपत्री, गोणपाटं टाकून गंजी गच्च झाकली होती. धूर थांबला होता. जयूचा दीर घाम पुसत म्हणाला, बुजली काका. माणसं खाली बसायला लागली. काकांनी ताडपत्रीवर पंजा ठेवला, जरा वेळ ठेवलाच, आणि म्हणाले, “काढा हे. सगळी गंजी उपसा.”

कुणी तयार होईना. आत्ता कुठे विझली, हवा लागली तर परत पेटेल, असं सगळेच म्हणायला लागले. काका म्हणाले, “पेटू दे. पाणी हातात आहे ना? पेंढा वरून विझतो, पोटात जळत राहतो. झाकून ठेवलात तर आज ना उद्या घर घेईल.”

दाताळी आणली, काठ्या आणल्या. पेंढा उपसायला घेतला तर आत खरंच लालभडक. हवा लागताच भडका उडाला, बायका मागे सरल्या. जयूने त्याच जागी हंडा ओतला. चर्र झालं, पांढरी वाफ उठली. परत उपसायचं, परत भडका, परत पाणी. काका शर्टाच्या बाह्या दुमडून मध्यभागी उभे, मूठ मूठ पेंढा हातात चुरगाळून बघत होते, थंड लागला की बाजूला टाकत होते. निम्मी गंजी वाचली. सासू जयूच्या गळ्यात पडून रडली, आणि मग तिलाच दोन शिव्या दिल्या.

काका मात्र उपसलेल्या पेंढ्याकडे बघत तसेच उभे होते. तोंड काजळीने काळं, मिशीची चांगली बाजूही आता होरपळली होती. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी तांब्या हातात घेतला, प्यायले नाहीत.

“बाई, तूप केव्हाच जळून गेलं,” ते म्हणाले. “आता जळतंय ते लाकूड. एकाच घरचं. मी वर्ग चुकलो.”

तांब्या माझ्या हातात परत दिला आणि स्कूटरकडे निघाले. मी म्हटलं, अहो, निदान तोंड तरी धुवा. जयूने माझा हात धरला. जाऊ दे बाय, म्हणाली, असाच जाऊ दे.

कोसबाडला काय झालं ते मानसीने नंतर सांगितलं. काका त्या अवतारात अंगणात गेले आणि म्हणाले, अनंता, उपसायचंय. पुढे दुपारची संध्याकाळ झाली. दोघं कडाकडा भांडले. होम निघाला, चिकूचे करंडे निघाले, वडिलांच्या आजारपणात कोण किती वेळा आलं ते निघालं, लहानपणी कुणी कुणाची सायकल विहिरीत टाकली तेही निघालं. शेजारी कुंपणापाशी येऊन उभे राहिले. मानसीची आई मधे पडायला निघाली तर मानसीने तिला अडवलं, म्हणाली, भडकू दे आई, आणि स्वतः पाण्याची कळशी घेऊन पायरीवर बसून राहिली. शेवटी दोघांचेही आवाज बसले. तेव्हा काका म्हणाले, कापड पिवळं पडलं नव्हतं रे. अनंतने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग विचारलं, तोंडाला हे काय फासलंयस? काकांनी गंजीची गोष्ट सांगितली. अनंत हसला, आणि हसता हसता आत जाऊन ताटलीत चिकू घेऊन आला. काका निघाले तेव्हा एवढंच म्हणाला, लग्नाला आलास तर मागे बस.

लग्न वाडीतच होतं. मी आणि जयू दोघीही गेलो, जयू नव्या साडीत, तिला ओळखायला मला एक क्षण लागला. काका सगळ्यांच्या आधी आले होते. बादली आणली नव्हती. हात इतके मोकळे की ते कुठे ठेवायचे हेच त्यांना कळत नव्हतं. सवयीने मांडवामागे आचाऱ्याकडे गेले, मीही मागोमाग गेले. कढईशेजारी झाकण तयार होतं. आणि पलीकडे बांबूला ओळीने लाल बादल्या टांगलेल्या होत्या. गोल बुडाच्या, ताज्या रंगाच्या, वर हाताने लिहिलेलं ‘आग’, त्यातल्या ‘ग’च्या रंगाचा ओघळ खालपर्यंत आलेला. काकांनी पहिल्या बादलीत हात घातला. वाळू बोटांमधून सुळसुळ गळली. त्यांनी परत मूठ भरली, परत सोडली. आचारी म्हणाला, अनंतशेठ आठवडाभर गच्चीवर वाळू वाळवत होते, कुणाला हात लावू देत नव्हते. काका पाठ करून उभे राहिले, आणि मी तिथून निघून आले. काही गोष्टी बघायच्या नसतात.

ते शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसले. सप्तपदीची वेळ झाली, होम पेटला. तेव्हा पीतांबर सावरत अनंत सगळ्या रांगा ओलांडून मागे आला, काकांचा दंड धरला आणि त्यांना पुढे, होमाच्या शेजारी नेऊन बसवलं. मागून एका पोराने लाल बादली आणून दोघांच्या मधे ठेवली. बूड गोल, ती कलंडायला लागली, तशी काकांनी मांडीशी धरली. “बस इथे,” अनंत म्हणाला. “पण मी म्हटल्याशिवाय टाकायची नाही.”

भटजी तेच होते. त्यांनी काकांना पाहिलं, बादलीला पाहिलं, आणि पाट उचलून चांगला पलीकडे सरकवला. नारळही सोबत नेला. सगळा मांडव हसला, मानसी मुंडावळ्यांआडून हसली, आणि काकाही हसले.

त्यानंतर महिन्याभरातच मालकांनी नाशिककडे दुसरा पंप घेतला आणि मला तिकडे धाडलं. म्हणून काकांना मी शेवटचं पाहिलं ते त्या मांडवात. फोनवर बोलतो अजून, हंगामात चिकूचा एक करंडा मलाही येतो. पण डोळ्यांसमोर येतात ते तिथेच बसलेले.

लाह्या पडत होत्या, भटजी तूप सोडत होते. एका आहुतीला धार सढळ झाली आणि ज्वाळा उठली. मांडवातली एकूण एक मान नवरीकडून काकांकडे वळली. काकांची बोटं बादलीच्या काठावर घट्ट झाली. नजर खाली, वर बघायचं नाही असं ठरवूनच आलेले. वर बघत होता तो अनंत. त्याने एकदा कापडाकडे पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, घाम पुसला, आणि हळूच बादलीवरून काकांकडे झुकला.

“दादा,” तो म्हणाला, “जरा जास्तच होतेय का?”

काकांनी मान वर केली. कापडाकडे पाहिलं, ज्वाळेकडे पाहिलं, तिच्या उजेडात लखलखणाऱ्या पुतणीकडे पाहिलं. बादली मांडीपासून उचलून मागच्या पोराच्या हातात दिली.

“लाकडं आहेत, अनंता. वर्ग अ. जळू दे.”